दाराच्या आतल्या बाजूला

आईने रियालचा भाव कधी वहीत लिहिला नाही.
वही हरवते म्हणायची, लोखंड हरवत नाही.
कपाटाच्या दाराला, आतून,
सुताराच्या चपट्या पेन्सिलीने,
अगदी तळाशी:
चोवीस दहा. मार्च अठ्ठ्याहत्तर.
पहिला ड्राफ्ट.
इंदुमती लक्ष्मण घरत हे नाव
टाइप केलेलं तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं
आणि खारीगावच्या पोस्टमनला बसवून
दोन अंडी उकडून घातली.

त्यानंतर ती खालून वर लिहीत गेली.
भाव चढतो म्हणतात ना.

बाबा मत्राच्या बंदरात, क्रेनवर.
सुट्टीवर आले की खिशातून नाणं काढायचे.
याला बैसा म्हणतात, बघ. आपलाच पैसा हा,
गलबतातून गेला आणि तिकडचाच होऊन बसला.
त्यांच्या जिभेला प नाही, म्हणून ब.
मग गप्प. बराच वेळ.
मग, हजार बैशांचा एक रियाल,
जणू तेवढं सांगितलं की सगळं सांगून झालं.

एकदा उतरलासुद्धा. शहाऐंशीत,
पस्तीसचा बत्तीस.
तो आकडा फिका आहे, पेन्सिल न दाबता लिहिलेला,
रियालला ऐकू जाऊ नये अशा बेताने.

जांभळी नाक्यावरचा एक माणूस
रियालमागे दोन रुपये जास्त द्यायचा, कागद न देता.
आईने दोनदाच घेतले.
एकदा हेमूच्या टायफॉइडला,
दुसऱ्यांदा कशाला ते तिने सांगितलं नाही.
ते दोन्ही भाव दारावर आहेत.
तारखा नाहीत.

जुलै एक्याण्णव. सातवी ब.
फाटकबाईंनी फळ्यावर लिहिलं, रुपयाचं अवमूल्यन,
आणि डस्टर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या,
घरातलं कोणी गेल्यासारख्या.
देशाचं सोनं गहाण पडलंय, म्हणाल्या.
आम्ही माना खाली घातल्या.
घरी आले तर शिरा.
केळं घातलेला, वर बेदाणे.
चढला गो, आई म्हणाली, चोपन्नचा सदुसष्ट!
मी खाल्ला.
मागून घेऊन खाल्ला.
अजून कुठे रुपया पडला ऐकलं
की आधी वेलचीचा वास येतो
आणि मग फाटकबाई.

त्याच दारावर, वीतभर बाजूला,
आमच्या उंचीच्या रेघा. पेन्सिल तीच.
सदुसष्टच्या समोर मी आहे, नीट वेणी घालून,
हेमू अजून एकेचाळीसच्या आसपास.
बाबा कुठेच नाहीत.

दोन हजार एकला ते कायमचे आले.
एक बॅग, एक ब्लँकेट, गुडघे.
कपाट उघडून बराच वेळ उभे राहिले,
चष्मा काढून, चष्मा लावून,
खालून वर वाचत.
मलापण मोज, म्हणाले.
आईने पाटावर चढून त्यांच्या डोक्यावर पट्टी ठेवली.
एकशे बावीसपेक्षा
चार बोटं खाली भरले.

तेवीस वर्षं, ते म्हणाले, आणि हसले.
आई हसली नाही. रेघ मारली, तारीख घातली.

आता ते नाहीत. ड्राफ्ट नाहीत,
ती बँकसुद्धा दुसऱ्या बँकेत मिसळली.
आई रोज सकाळी नातवाच्या मोबाइलवर विचारून घेते.
परवा म्हणाली, दोनशे सतरा.
कुणाचे, आई?
कुणाचे नाहीत. नुसतं लिही.
वर जागा नाही, म्हटलं, छत लागलं कपाटाचं.
मग खाली लिही. चोवीस दहाच्या खाली.

मी फरशीवर बसले.
तिथे बोटभर पट्टी मोकळी होती, थोडा गंज.
पेन्सिलीला टोक नव्हतं.