दोन बादल्यांचा झरा

चौकोनी जगात पाणी संपत नाही.
दोन बाय दोनचा खड्डा खणायचा,
समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली ओतायची,
झालं.
मग उपसा, किती उपसायचं ते उपसा,
खड्डा आपला काठोकाठ, निर्लज्जासारखा.

शाळेच्या मागच्या खोलीत संगणक सहा, चालू दोन.
सातला मी सेवा केंद्राचं शटर ओढते,
सातबारे, उत्पन्नाचे दाखले,
यंत्राला न पटलेले म्हाताऱ्या बोटांचे ठसे
बाहेर चपलांपाशी सोडते, आणि आत येते.
पोरं आधीच बसलेली असतात, एका माऊसवर तीन हात.

सुगत म्हणाला, "ताई, गेममधी पाऊस येते,
पण वलं काईच होत नाही."
पाहिलं, तर खरंच.
पाऊस म्हणजे नुसत्या निळसर रेघा.
छपरावर यायच्या आणि तिथंच मिटायच्या.
वळचण नाही, पन्हळ नाही,
खाली ठेवलेलं एक भांडं नाही.

म्हणून मी पन्हळ लिहायला घेतली.

बाबा पत्रे ठोकतात, मानोऱ्यापर्यंत त्यांना बोलावणं येतं.
जेवताना विचारलं, छपरावरून किती पाणी हाती लागतं?
भाकरीचा तुकडा हवेत धरून हिशेब केला त्यांनी:
"टिनावर धा गुंड पडले तं नऊ येतात.
कवेलूवरून सात.
गवताचं छप्पर, ते अर्ध्याच्या वर सोताच पेते."
तसंच लिहिलं. नऊ, सात, चार.
त्यांना दाखवलं, तर स्क्रीनकडं न बघता म्हणाले,
"उतार देला का?"
उतार दिला नव्हता.
चौकोनांच्या जगात उतार कसा द्यायचा
यात माझे चार दिवस गेले.

पहिल्या रात्री ड्रम वाळवंटात भरला, ढग नसताना.
दुसऱ्या रात्री पाणी पन्हळीतून वर चढलं.
तिसऱ्या रात्री ड्रममध्ये मेंढी सापडली, जिवंत,
ती कुठून आली ते अजून कळलेलं नाही.

मग एकदाचं जमलं.
पत्र्यावर पाऊस, पन्हळीत धार,
ड्रमची पातळी एकेक रेघ वर.
मी मागं वळून पाहिलं. कोणी बघतच नव्हतं.
"कायले पायजे ड्रम?" तेजराम म्हणाला,
"झरा हाये ना."

बरोबर होतं पोराचं.
ज्या गावात पाणी संपत नाही
त्या गावात ड्रम म्हणजे नुसती अडगळ.

झरा बंद करायला एकच ओळ बदलायची होती.
होय-च्या जागी नाही.
दोन दिवस बोट त्या अक्षरावर ठेवून बसले.
दुपारी रांगेतल्या बायका विचारत होत्या,
"आज नेट हाये का वं?"
मी हो म्हणत होते, आणि डोक्यात ते नाही.

शुक्रवारी बदलली.

शनिवारी आरडाओरड.
अल्फियाचं गव्हाचं शेत करपलं,
तेजराम आठवडाभर माझ्याशी बोलला नाही,
सुगतनं मात्र मुकाट्यानं घर मोडलं,
गवताचं छप्पर काढून पत्रा घातला,
आणि पन्हळीखाली ओळीनं सात ड्रम मांडले.
शेजारी अल्फियानं नऊ.
कोणीतरी आशाताईचं ऐकून आलं होतं,
ते म्हणालं, झाकण नसलं तर डास होऊ द्या ताई,
खरे, चावणारे.
डास केले. झाकण केलं.
एकाला गळकी तोटी हवी होती, तीही केली,
हिचा आवाज मला आमच्याच मोरीतून मिळाला.

काल इन्व्हर्टरनं शिट्टी मारली,
सगळे उठले, चपला शोधू लागले.
सुगत दारात थांबला.
"ताई, ड्रमले कुलूप लावता येईन का?"
कशाला रे, म्हटलं.
"रात्री तेजराम भरून नेते."
तेजराम तिथंच होता. हसला नाही, नाकारलंही नाही.
त्याचं घर टेकडीच्या पलीकडं,
तिकडं मी पाऊसच कमी ठेवलाय,
नकाशा खराखुरा वाटावा म्हणून.

घरी आले. फाईल उघडली.
कुलूप सोपं आहे, फार तर वीस ओळी.
नाव देऊन ठेवलंय.
आत अजून काही लिहिलेलं नाही.