एक बरं, की दोन?

आधी झगे परत करा, भाड्याचे आहेत,
डिपॉझिट बुडेल. मग बसा.
पंखा एकच चालतोय,
आणि भाषण मी लिहून आणलेलं नाही.

उद्यापासून कुणीतरी विचारेल, लग्नात, जिन्यात,
"म्हणजे डॉक्टर नाही ना? नुसता नंबर काढता?"
हो म्हणा.
नंबर काढतो म्हणा, आणि आणखी एक पुरी वाढून घ्या.
जुईली, तू भांडशील, माहीत आहे मला.
भांड. पण जेवण झाल्यावर.

मी एकतीस वर्षं नंबरच काढला,
परळच्या या अंधाऱ्या खोलीत,
गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसून.
श्वासावरून माणूस कळायचा:
तंबाखू, बडीशेप, उपास,
आणि कधी नुसती भीती.
रेटिनोस्कोपची तांबूस पट्टी बाहुलीत
उलट हलायची, सुलट हलायची,
काच बदलत जायची,
आणि मग एकदम हलायचीच थांबायची, आख्खी बाहुली उजळायची.
तेव्हा मी श्वास रोखायचे. अजून रोखते.

एक चूक सांगते. वहीत लिहू नका.
पहिल्याच वर्षी धारावीचा मुश्ताक,
जरीकाम करणारा, बोटांना सुयांचे बारीक डाग.
अक्ष नव्वद हवा होता,
मी लिहिला एकशे ऐंशी.
तो महिन्याने आला. महिनाभर डोकं धरून
वाकडी फुलं काढत बसला होता.
म्हणाला, "वाटलं सवय होईल.
मॅडमनी दिलाय म्हणजे बरोबरच असणार."
त्या वाक्याची मला अजून सवय झालेली नाही.

तक्त्यावर फार विसंबू नका.
माहुलची हिरूबाय म्हणाली होती,
"अक्षरं दिसतात गो बाय, पण वळख नाय त्यांची."
तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये
सुई असते, दोरा असतो,
आणि न निवडलेले मूठभर तांदूळ.
खडा सापडला की जवळचा नंबर बरोबर.
हे कुठल्याही पुस्तकात नाही, आणि बरंच आहे.

काही जण मॉलमध्ये लागाल.
टार्गेट असेल, कोटिंग विका म्हणतील.
विका, खोलीचं भाडं आहे, आईची औषधं आहेत.
पण ज्याला नंबरच नाही
त्याला रिकाम्या हाताने, हसत, घरी पाठवणं
हे सिलॅबसमध्ये नव्हतं.
परीक्षा मात्र त्याचीच, रोज, आणि पर्यवेक्षक कुणी नाही.

तौफिक, मानखुर्दच्या शाळेतलं शिबिर आठवतं?
उणे पाचचा तो मुलगा,
शेवटच्या बाकावरचा, सगळ्यांनी 'ढ' ठरवलेला.
ट्रायल फ्रेम नाकावरून घसरत होती,
ती एका हाताने धरून त्याने वर्गभर पाहिलं
आणि हळूच म्हणाला,
"बाई माझ्याकडे बघून हसतात, हे मला माहीतच नव्हतं."
तू पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलास.
पाण्याची बाटली टेबलावरच होती.

बास. एवढंच.

आणि हो, येत्या मंगळवारी मी येणार आहे,
या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागलाय,
दिव्यांभोवती कडी दिसतात.
ग्लेन, तू बघ मला. घाबरू नकोस,
मी कुरकुर करीन, तू घाई करू नकोस.
काच फिरव, विचार: एक बरं, की दोन?
पुन्हा विचार. पुन्हा.
आणि मी कंटाळल्यासारखी म्हणाले,
"दोन्ही सारखंच दिसतंय रे,"
तर ते कंटाळणं समजू नकोस,
तिथेच तर पोचायचं होतं आपल्याला.

थांब तिथे. लिहून घे.
मग नव्वद की एकशे ऐंशी,
एकदा परत बघ.