उरले एकोणीस, पैसे अठरांना

माझं काम पत्ते वाटायचं,
मत वाटायचं नाही.
बिलॉक्सीत अकरा वर्षं झाली, एवढं पाळलंय.

रात्रीचे पावणेबारा. टेबल दोन.
बटणावरचा पोरगा पेन्सकोलाचा, कानात गाणी,
मनगटाच्या कडेनं अख्खा ढीग पुढे लोटतो.
तासाभरात सहाव्यांदा.
"ऑल-इन," मी मोठ्यानं म्हणतो, कारण ते म्हणायचं असतं,
आणि छोट्या ब्लाइंडवरचा म्हातारा
हातावरची माशी झटकावी तसे पत्ते टाकून देतो.

राहिली मिस दिएप.
कोळंबीच्या होडीची मालकीण,
बर्फ उपसून उपसून नखं फुटलेली.
पुढ्यात चोवीस हजार, बस.
चार ब्लाइंडात गेले, चार अँटीत.

मध्ये अडतीस, घालायचे चोवीस.
हाच डाव शंभर वेळा मांडला
आणि एकोणचाळीस वेळा जिंकली,
तर कॉलचे पैसे वसूल.
हे मला झोपेतही येतं.
पण या गणिताच्या पोटात दोन पत्ते आहेत
आणि ते तिच्या अंगठ्याखाली.
किंमत मला ठाऊक. माल नाही.

पोराकडे काय असेल?
काहीही.
तीच तर पंचाईत.

पलीकडच्या टेबलाचा डाव कधीच संपलाय.
इथला निकाल लागेपर्यंत तिकडे वाटायचं नाही, असा नियम,
म्हणून सगळे उठून इकडे आलेत.
लेम्युएल, निवृत्त पोस्टमन, दीड ब्लाइंडचा धनी,
तिच्या खुर्चीमागे उभा, टोपी छातीशी धरून.
तिचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात नाही.
फक्त तिनं कॉल म्हणावं
आणि हरावं,
एवढंच.
अकराशे डॉलरचा प्रश्न आहे.
ती मागे वळून त्याचे बूट बघते, पुन्हा पुढे होते.

एकदा ब्रेकमध्ये, बाहेर सिगारेट ओढताना, तिनं सांगितलं होतं:
वादळाची बातमी आली. दीर म्हणाला, होडी धक्क्यालाच बांधू.
ती म्हणाली, खाडीत आत नेऊ.
नेली.
वादळ वळलं, भलतीकडेच गेलं.
दिवसाचं डिझेल जळलं, दीर आठवडाभर हसत होता.
"मग पुढच्या खेपेला?" मी विचारलं.
"पुढच्या खेपेलाही आत."
त्या खेपेला काय झालं, ते तिनं सांगितलं नाही.
मीही राख झटकून आत आलो.

कुणीतरी वेळ मागतं.
फ्लोअरचा माणूस घड्याळ काढतो. तीस सेकंद.
ती चोवीस चिप्स मोजते, जणू मघापासून वाढल्या असतील.
बारा. अकरा.
लेम्युएलचा श्वास मला ऐकू येतो.
सात.
तिनं पत्ते माझ्याकडे सरकवले. पालथे.

पोरगा आपले उघडून दाखवतो:
चौकटची चौकी आणि सत्ती.
टेबल हसतं.
डिझेलचा आजचा भाव ऐकावा
तशी ती मान हलवते.

तीन डावांनी लेम्युएल गेला.
सगळ्यांशी हात मिळवले त्यानं, माझ्याशीसुद्धा,
आणि उरलेल्या अठरांनी टाळ्या वाजवल्या,
त्याच्यासाठी की स्वतःसाठी, कोण जाणे.
सतरांनी म्हणायला हवं. तिचे हात मांडीवर होते.
पंधरावी आली ती, अठ्ठ्यांची जोडी घेऊन.

दोन वाजता पार्किंगमध्ये खारट वारा.
पिकअपचं दार उघडं ठेवून तिनं विचारलं,
"राजा आणि नव्वी. तू काय केलं असतंस?"

गणित जिभेवर तयार होतं.
काहीही घेऊन लोटणाऱ्या पोरासमोर राजा-नव्वी म्हणजे
शंभरात साठ.
एकोणचाळीसच्या कितीतरी वर.
पण लेम्युएलचा दीड ब्लाइंडही जिभेवरच होता,
त्याची टोपी, ते अकराशे.
दोन्ही मिळून तोंडात एकच गोळा झाला.

"मी वाटणारा, मिस दिएप."

"म्हणजे धक्क्याला बांधलेला," ती म्हणाली
आणि दार ओढून घेतलं.
चारला निघायचं होतं तिला.
त्याआधी बर्फ भरायचा होता.