किती वाव पाणी

चूक घरी येत नाही.
घरी दिव्याखाली सगळं सुरळीत चालतं,
मी हजार वेळा चालवून पाहिलं.
ती येते फक्त हर्णैच्या पुळणीवर, संध्याकाळी पाचला,
लिलाव रंगात आलेला असताना,
बैलगाड्या कमरेइतक्या पाण्यातून मासळी ओढत आणतात तेव्हा.
एकाच पाटीवर दोन बोल्या, दोन मोबाइलवरून,
आणि त्यातली एक
नाहीशी.

परवा काशिराम तांडेलाचे अकराशे गेले असे.
सुरमईची पाटी होती.
तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला,
"बाय, तुझ्या यंत्राला एक कान कमी आहे."
अकराशे मी माझ्या पाकिटातून दिले.
त्यानं ते मोजले नाहीत, याची लाज जास्त.

विचारायचं कुणाला?
क्लासच्या बेंडखळे सरांनी सांगितलं, बंद कर, परत चालू कर.
पुण्यातला मावसभाऊ म्हणाला, ही भाषाच टाकून दे,
कोण वापरतं आता, नव्यात लिही सगळं.
बंगळुरातला जुना सहकारी चिडला: आधी पुस्तक वाच.
पुस्तक मी दोनदा वाचलं होतं.
आणखी एक फार गोड बोलला,
लांबलचक उत्तर दिलं,
मी न विचारलेल्या प्रश्नाचं.

काशिराम जाळं शिवत होता.
"खडक कुठं आहे," तो मान वर न करता म्हणाला,
"ते ज्याची होडी आपटली त्याला विचार.
बंदरावर सगळेच सांगतात."

दापोलीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीवर
दर बुधवारी चौघं बसतात असं कळलं.
दोन बुधवार मी जिन्याखालूनच परतले.

तिसऱ्या बुधवारी वर गेले.
दीपगृहात वायरलेसवर नोकरी झालेले टिपणीस.
दाभोळची नाझनीन पारकर, फेरीबोटीच्या इंजिनात
तिनं लिहिलेल्या ओळी धावतात.
कृषी विद्यापीठातला आकडेवारीवाला एक,
आणि एक मुलगा, नुसता शेंगदाणे सोलणारा.
कॉलेज कुठलं, हे कुणी विचारलं नाही.
टिपणीस म्हणाले,
"किती वाव पाणी?"

मी सांगू लागले.
सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं
की माझ्याकडे गाऱ्हाणं आहे, प्रश्न नाही.
गप्प झाले.
कुणी हसलं नाही.

"तीनशे ओळी आहेत ना? वीस कर," नाझनीन म्हणाली.
"पण चूक त्यात जिवंत राहिली पाहिजे.
चिंबोरी मेली की बाजारात कोण घेतं?
इथंही तेच."

आठवडाभर मी कापत बसले.
एक ओळ काढायची, पुळणीवर जायचं,
अजून चावते का बघायचं.
भांगाची भरती गेली, उधाण आलं,
आईनं विचारणं सोडलं
की तू लिहितेस की खोडतेस.
उरल्या एकोणीस.

नाझनीननं कागद दिव्याकडे धरला.
"इथं तू वाचतेस, शेवटची बोली किती.
इथं नवी लिहितेस.
या दोन ओळींच्या मध्ये काय आहे?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

"तेवढी जागा पुरते," ती म्हणाली
आणि कागद मला परत दिला.

सोलणाऱ्या मुलानं शेंगदाण्यांचा पुडा
माझ्याकडे सरकवला.

आता बोल्या हरवत नाहीत.
पण उधाणाच्या रात्री, गर्दी फार झाली
की सगळं यंत्र एक क्षण थांबतं,
जणू दोन गाड्या अरुंद पुलावर समोरासमोर,
आधी तू, नाही आधी तू.
हेही मी घेऊन गेले, सतरा ओळींत, जिवंत.

टिपणीसांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
"मला माहीत नाही," ते म्हणाले.

इतक्या महिन्यांत हे मला
कुणीच म्हणालं नव्हतं.

मग चौघांनी खुर्च्या जवळ ओढल्या.
खाली हर्णैची शेवटची गाडी
सुटल्याचा आवाज आला.
मी उठले नाही.