उन्हाळी

विश्वामित्री सोडून पादऱ्याकडं जाणारी
अडीच फुटी रुळांची लाइन आता बंद आहे.
रूळ आहेत अजून, आणि रुळांच्या मधे
गुडघ्याएवढी उन्हाळी,
वाटाण्यासारखी फुलं, जांभळट,
खडीतून वर आलेली.

बाबा की-मन होते.
खांद्यावर हातोडा, पाना, गुंडाळलेली लाल झेंडी.
रोज चालत जायचं, सैल चाव्या ठोकायच्या,
दिसेल ते तण उपटायचं.
गवत निघायचं, टाकळा निघायचा,
हिची मुळं मात्र खडीखाली
कुठवर गेलेली असत कुणास ठाऊक,
हातात यायची नुसती फांदी.
घरी येऊन पाय धुताना म्हणायचे,
"हिचा हिशेब राहिलाय,"
जसं कुणा माणसाबद्दल.

त्यांच्या गँगमधले वेचातभाई राठवा
तिला सरपंखो म्हणत.
पानाचं टोक धरून ओढायला लावत मला.
ते सरळ तुटतच नाही.
बाणामागच्या पिसासारखं, दोन्हीकडून तिरकं,
दर वेळी.
एक तरी आडवं तुटेल म्हणून
मी अख्खी फांदी संपवली होती एकदा.

या श्रावणात बाबांचे डोळे पिवळे झाले.
सयाजीतल्या डॉक्टरांनी कागदभर लिहून दिलं.
शेजारच्या जशीबेन म्हणाल्या, गोळ्या चालू दे,
पण सरपंखाचं मूळ उकळून बघ,
मारा ससराने आपेलुं.
मी खुरपं घेऊन लाइनवर गेले.
पाऊण तास खणलं.
वीतभर आलं, बाकीचं खालीच राहिलं.

बाबांनी पेला नाकाशी नेला.
"कुठली आणलीस?"
नऊच्या दगडापुढची, मोरीजवळची.
"तिथली मी सत्त्याऐंशी साली काढली होती."
मग बराच वेळ काहीच नाही.
वरच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या शिट्ट्या.
पेला त्यांनी खिडकीत ठेवला.
"तिच्याकडं मागायला
तोंड नाही माझं."

दिवे लागले तेव्हा पेला रिकामा होता.
खिडकीखालची तुळशीची कुंडी ओली आहे का,
मी वाकून पाहिलं नाही.
चादरीवर मात्र पानं सांडली होती,
मी आणलेल्या फांदीची,
सगळी तिरकी तुटलेली,
आणि बाबा पुढचं पान
चिमटीत धरून बसले होते.