पोटात पाय

दर्यापुरात दर्या नाही.
बोअर आहे, आणि तिचं पाणी असं
की चहा फाटतो, डाळ शिजता शिजत नाही,
घागरीच्या काठावर पांढरी रेघ धरते.
या खारपाणावर माझं पोट आहे:
गावोगाव फिरून आर.ओ. दुरुस्त करतो,
पाण्यातला खारेपणा काढून देतो.
आणि रात्री घरी येऊन
त्याच गोड पाण्यात, पाकीट फोडून,
काट्यावर तोलून मीठ घालतो.

कुमुद म्हणते, डोकं ठिकाणावर हाये का?
ती चुकत नाही.
पण तीन फुटांच्या काचेत, निळ्या दिव्याखाली
प्रवाळाची चार बोटं हलतात,
नारिंगी मासा त्यांत अंग घासून घेतो,
आणि काचेवर शेवाळ.
काल पुसलं. आज पुन्हा.

म्हणून गोगलगायी निवडायला बसलो.
यादी चेन्नईच्या माणसाची.
तो तमिळातून हिंदी बोलतो, मी वऱ्हाडीतून,
मधे कुठंतरी भेट होते.

मार्गारिटा देखणी, पण थंड समुद्राची.
मी म्हटलं, भाऊ, इथं मे महिन्यात
कूलरलाच कूलर लागतो.
मरायलाच यायचं, तर एवढ्या लांब कशाला?

टर्बो खातो भरपूर. चालतो मात्र ट्रॅक्टरसारखा,
चिकटवलेलं प्रवाळ पाडून पुढं जातो, मागं पाहत नाही.
असे पाहुणे आमच्या लग्नात येऊन गेलेत.

अ‍ॅस्ट्रिया कष्टाळू, स्वस्त,
कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.
एकच खोट: वाळूत उलटी पडली
की तिला सरळ होता येत नाही.
पाय हलवत राहते, खेकड्याला कळेपर्यंत.
तिच्या नावावर माझं पेन
बराच वेळ थांबलं.

तेवढ्यात पुंजाजी तायडे पाइप न्यायला आले,
यादी पाहून हसले.
"काऊन बे, गोगलगायी इकत घेतं तू?
मांगच्या साली सोयाबीनचे कोंब खाल्ले त्याइनं.
पोतंभर येचल्या म्या, मीठ टाकून मारल्या.
फुकट नेल्या असत्या ना!"
मी म्हटलं, काका, ह्या मिठातच जगतात.
काचेसमोर ते वाकून उभे राहिले,
पाइप काखेत तसाच.
मग म्हणाले, "हाव? मंग मीठ कोनाचं म्हनाव?"

ट्रोकस सहा. सेरिथ दहा, रात्री फटी धुंडाळणारे.
नॅसारियस चार: वाळूत पुरून घेतात, सोंड तेवढी वर,
आणि खाण्याचा वास आला की
पंगत बसल्याचं कळल्यासारखे एकदम उठतात.
तो म्हणाला, पन्नास घ्या, सवलत देतो.
नको. शेवाळ संपलं की उपाशी मरतात,
आणि गोगलगाय भूक बोलून दाखवत नाही.

मूर्तिजापूरच्या स्टेशनवर थर्माकोलचा डबा उतरवला,
ओलं पोतं गुंडाळून मोटरसायकलवर आणला.
बादली प्लास्टिकची; तांब्याचा अंशही त्यांना विष.
आर.ओ.च्या नळीला गाठ मारून
थेंब थेंब आमचं पाणी त्यांच्या पाण्यात, दोन तास.
ही गाठ मला हातखंडा येते.
पंधराव्या मिनिटाला वीज गेली.
कुमुदनं मोबाइलचा उजेड धरला, न सांगता.

सोडताना एक ट्रोकस उलटा पडला.
"हात घालू?"
थांब.
त्यानं पाय लांबवला, चाचपला,
दगडाची कड सापडली,
आणि सगळं घर अंगावर घेऊन
हळू कलंडला, सरळ झाला.
"गोगलगाय अन् पोटात पाय," कुमुद म्हणाली,
पण नेहमी म्हणतो तशी नाही.
नेहमी आम्ही ते तिच्या थोरल्या जावेबद्दल म्हणतो.

सकाळी काचेवर नागमोडी वाट,
बोटाएवढी रुंद, लख्ख.
कुमुदनं नाक लावून पाहिली.
"एवढंच?"
आणि चिंच घेऊन
घागरीचा काठ घासायला बसली.