पाठीवरचं नाव

पुढून सगळीच सारखी.
काच, बटणं, गंजलेली बिजागरी,
कुणीतरी दारावर चिकटवलेला गणपती.
ओळख मागे असते, भिंतीकडे तोंड करून.
आमचे उस्ताद हसमुखकाका म्हणायचे,
'माणूस चेहऱ्यानं ओळखावा, मशीन पाठीनं,'
आणि घासलेटाचा बोळा हातात देऊन
मला पालथं घालायचे फरशीवर.

पाटी बोटभर. चार खिळे, त्यातला एक नसतोच.
आधी घासलेट, मग शिंप्याचा खडू,
मग अंगठा आडवा, हलकेच.
अक्षरं वर येतात
अळूच्या पानामागच्या शिरांसारखी.
पहिली दोन कारखान्याची.
मग आकडे, पोटात किती कपडे मावतात त्याचे.
मग रंगाचं अक्षर. आणि शेवटी, एकटं उभं,
साल.
सालात आय येत नाही, ओ येत नाही,
एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून.
कारखान्यांना गल्लतीची भीती फार.

परवा दांडिया बाजारात बोलावणं आलं,
तिसरा मजला, विजयमालाबाई खानविलकर.
कपडे वाळवायचं यंत्र. बडोद्यात!
जिथे मे महिन्यात ओला टॉवेल
गच्चीवर पोचेपर्यंत पापड होतो.
लेस्टरहून परतताना बोटीनं आणलेलं.
चाळीस वर्षं त्यात गोधड्या ठेवल्या,
वर तुळशीचं रोप, शेजारी रेडिओ.
आता नातवाला विकायचंय,
जुन्या यंत्रांचा कुणी शौकीन भेटलाय त्याला,
तो म्हणतो, आधी नंबर सांगा.

बाई खुर्चीत बसून सांगत होत्या:
'एकोणऐंशी साल. सुहास झाला, बाहेर बर्फ,
लंगोट वाळता वाळत नव्हते.
ह्यांनी पहिल्या ओव्हरटाइममधून आणलं.
नवं कोरं. खोक्याची दोरीसुद्धा मी जपलेली.'

मी आडवा. तोंडात टॉर्च.
खडू लागला, अंगठा फिरला.
रंगाचं अक्षर: बदामी.
समोर उभं होतं पांढरंशुभ्र.
कडेला नखानं खरवडलं,
पांढऱ्याखाली बदामी. ब्रशचे फराटे,
एक केस रंगात अडकलेला.
मग साल पाहिलं.
पुन्हा पाहिलं, चष्मा लावून.
एकाहत्तर.

वीस वर्षं मी हे करतोय.
कंपन्या बुडाल्या, त्यांचे नंबर मला पाठ आहेत.
दोनशे वीसचं एकशे दहा झालेलं पकडलंय मी,
एकाची पाटी दुसऱ्याला ठोकलेली पकडलीय.
पण यंत्रामागून बाहेर कसं यायचं
हे हसमुखकाकांनी शिकवलं नव्हतं.

'काय निघतं साल?'
'पुसट आहे, काकी.
एकोणऐंशीच असेल.'

बाई हसल्या. उठल्या, कपाटाशी गेल्या,
कुंकवाच्या रिकाम्या डबीतून
काढला एक मोजा.
लाल. अंगठ्याएवढा. कुठल्या तरी
गोऱ्या बाळाचा.
'पहिल्याच दिवशी जाळीत सापडला,' म्हणाल्या,
'सुहास तेव्हा आठ दिवसांचा,
त्याला मोजे नव्हतेच अजून.
हे रात्रभर रंगवत बसलेले, शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये.
टर्पेंटाइनचा वास चार दिवस गेला नाही अंगाचा.
मी विचारलं, वास कसला?
म्हणाले, नव्या मशीनला येतोच.'

खाली रस्त्यावर सेव-उसळवाल्याची घंटा.
मी पावती-पुस्तक काढलं.
कारखाना लिहिला, आकडे लिहिले.
रंगापाशी पेन थांबलं.

'पांढरा लिही,' बाई म्हणाल्या.
'शौकिनाला फसवायचं नाही. त्याला वेगळ्या कागदावर
खरं काय ते दे.
हा माझा.'

दोन पावत्या केल्या. पैसे एकीचेच घेतले.
जिना उतरताना पाहिलं,
अंगठ्यावर खडू तसाच होता,
आणि त्यात उलटं उमटलेलं
ते शेवटचं अक्षर.